तांडेलाच्या बायकोची प्रत

१९६१ सालच्या फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी मुंबईचे एक कादंबरीकार मुरूडच्या बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात आले. ते आपल्या कादंबरीविषयी बोलले आणि नंतर विकल्या गेलेल्या प्रतींवर त्यांनी सह्या केल्या. त्यांतली एक प्रत राजपुरीच्या एका कोळी विधवेने घेतली होती. तिला वाचता येत नव्हते.

दुकान एका माजी शिक्षकाचे होते. शाळेची नोकरी सोडून त्यांनी ते काढले तेव्हा गावात त्यांना कोणी शहाणे म्हटले नव्हते. जूनमध्ये क्रमिक पुस्तके आणि वह्या, एरवी शाई, टाक, पंचांगे असा व्यापार होता. मागच्या दोन कपाटांत मात्र कथा, कादंबऱ्या, चरित्रे असत. मुरूडपासून म्हसळ्यापर्यंत असे दुसरे दुकान नव्हते. एखादा नावाजलेला लेखक आपल्या दुकानात बोलवायचा, ही मालकांची जुनी इच्छा होती. लेखक आले ते मुंबईहून लाँचने रेवसला, तिथून एस. टी.ने रेवदंड्याला, मग होडीने खाडी ओलांडून पलीकडच्या गाडीने. गावातले डॉक्टर त्यांचे यजमान होते.

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकाचा या भागातला बातमीदार होतो आणि त्याच कामासाठी हजर होतो.

लेखकांची कादंबरी आदल्या वर्षी निघाली होती. ती एका बुडालेल्या मचव्याची गोष्ट होती. मचवा म्हणजे माणसे आणि माल नेणारी शिडाची मोठी होडी, आणि तांडेल म्हणजे तिचा प्रमुख. कादंबरीतला तांडेल दारू पिऊन सुकाणूवर बसतो. वाऱ्याची लहर येताच सगळ्यांच्या आधी उडी टाकतो, पोहून किनाऱ्याला लागतो, मुंबईला पळून जाऊन दुसरे घर करतो आणि म्हातारपणी पश्चात्तापाने मरतो. गावाचे नाव आणि तांडेलाचे नाव बदललेले होते. बाकी बरेच तपशील बदललेले नव्हते. मचव्यात बाजार करून परतणारी माणसे होती, वेळ भरतीची होती, जागा खाडीच्या तोंडाची होती.

असा मचवा १९५१ साली दिघीहून राजपुरीकडे येताना खरोखर बुडाला होता. ती बातमी मीच दिली होती. वाचलेल्यांच्या जबान्या मी ऐकल्या होत्या. शीड फाटले तेव्हा तांडेल सुकाणूवर होता, तो शेवटपर्यंत तिथेच होता, असे सगळ्यांनी सांगितले. प्यायला होता असे कोणीही सांगितले नाही. त्याचे प्रेत दोन दिवसांनी किनाऱ्याला लागले. उजव्या हाताला शिडाच्या दोराचे वेढे होते. हे सगळे पंचनाम्यात नोंदलेले आहे.

प्रत घेणारी बाई या तांडेलाची विधवा होती.

त्या वर्षी तिच्या मुलीचे लग्न ठरत होते. मुलगी चौथीपर्यंत शिकलेली होती. मुलगा उरणजवळच्या करंजाचा होता, स्वतःची होडी असलेल्या घरातला. सुपारी फुटली होती, म्हणजे दोन्हीकडून शब्द गेला होता. मुलाचा थोरला भाऊ मुंबईत गोदीत कारकून होता आणि मॅट्रिक झालेला असल्याने घरात त्याचा शब्द चाले. त्याने ती कादंबरी वाचली. कोणीतरी त्याला सांगितले की हा तांडेल म्हणजे तुमच्या होणाऱ्या विहिणीचा नवरा. होडी सोडून पळालेल्या तांडेलाच्या घराशी किनाऱ्यावर कोणी सोयरीक करत नाही. त्याने राजपुरीला निरोप पाठवला. तो तांडेल तुमचा नसेल, तर तसे त्या लेखकाच्या हातचे लिहून आणा, लग्न वैशाखात लावू. ही हकीकत मला नंतर बाईच्या दिराने सांगितली.

लेखकाचा ठावठिकाणा त्या घरात कोणाला माहीत असणे शक्य नव्हते. मुरूडच्या बाजारात मासे विकताना बाईने ऐकले की पुस्तकवाल्या मास्तरांकडे तोच माणूस येणार आहे.

दुकानापुढच्या फळ्यावर खडूने कार्यक्रम लिहिला होता. खाली एक ओळ होती : 'पुस्तक विकत घेणाऱ्यासच स्वाक्षरी मिळेल.' शाळेतून बाके आणली होती. पुढच्या बाकांवर मामलेदार, डॉक्टर, मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. बाई दाराबाहेर पायरीशी, टोपली बाजूला ठेवून उभी होती.

लेखक चांगले बोलले. आवाज खणखणीत होता आणि कुठे थांबायचे हे त्यांना माहीत होते.

"लोक मला विचारतात, तुम्हाला हे सुचतं कसं? मी सांगतो, मला काही सुचत नाही. हा किनारा सांगतो आणि मी लिहून घेतो. माझ्या तांडेलाला काल्पनिक म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. त्याची पापं खरी आहेत, त्याचा पश्चात्ताप खरा आहे. तो इथलाच आहे. तुमच्यातलाच."

टाळ्या झाल्या. दुकानदारांनी कोणाला काही विचारायचे आहे का, असे विचारले. सुपारी-नारळाचे एक मुसलमान व्यापारी मागच्या बाकावरून उठले. ते या दुकानाचे नेहमीचे गिऱ्हाईक होते.

"साहेब, एक सवाल हाय. तुमच्या किताबात तांडेल उडी मारून जातो नि मुंबईत घर करतो. आमच्या बंदराला तर त्याची मय्यत आली. मी स्वतः खांदा दिलाय."

"शेठ, ते तुमचं बंदर," लेखक हसून म्हणाले. "माझ्या बंदरात त्याला पोहता येतं."

हशा पिकला. मामलेदारही हसले. व्यापारी म्हणाले, "आत्ताच तर म्हणालात, इथलाच हाय."

"इथला आहे म्हणून तर पोहतो!" लेखक म्हणाले. पुन्हा हशा. व्यापारी खाली बसले. दुकानदारांनी आभार मानले आणि टेबल पुढे ओढले.

सहीसाठी रांग लागली. बाई आत आली आणि रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे एक तरुण वकील होते. त्यांनी वळून पाहिले.

"काय मावशे, बोंबील बांधायला कागद हवेत? रद्दी पलीकडच्या दुकानात मिळते."

"रद्दीन कंदी कुनाचा नाव खराब झाला न्हाय, वकीलसायेब," बाई म्हणाली. "मना हाच पुस्तक पायजे."

दुकानदार तिला ओळखत होते. त्यांनी तिला हलक्या आवाजात सांगितले की पुस्तक घेतल्याशिवाय सही मिळत नाही, आणि सही घेऊन तू करणार काय? तिने पदराची गाठ सोडली आणि पुस्तक घेतले. आपल्या नवऱ्याविषयी त्यात काय लिहिले आहे ते मुलीने तिला आधी वाचून दाखवले होते. ती प्रत उसनी आणलेली होती.

तिची पाळी आली. लेखकांनी मान वर न करता पुस्तक उघडले आणि विचारले, "नाव?"

"माजा नाव नको," बाई म्हणाली. "या पुस्तकान जो तांडेल पलाला, तो आमचे पोरीचा बापूस न्हाय. तवरा लिवा."

लेखकांनी मान वर केली. तिने पुन्हा सांगितले. पोरीचे लगीन अडले आहे, मुलाकडचे लोक तुमच्या हातचे लिहिलेले मागतात, एवढे लिहून द्या.

"बाई, ही कादंबरी आहे," लेखक म्हणाले. "कादंबरीतली माणसं खरी नसतात. मनातली असतात."

"मंग त्याच लिवा, दादा. मनातला हाय, आमचा न्हाय."

लेखकांनी दुकानदारांकडे पाहिले. दुकानदार म्हणाले, "लिहा की, साहेब. गरीब बाई आहे." रांगेतली माणसे पुढे सरकून ऐकत होती.

"बरं. पोरीच्या वडिलांचं नाव काय?"

 आमच्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. तो गेल्यावरही घेत नाहीत. बाई म्हणाली, "पोरीचा बापूस. तांडेल."

"ते झालं. पण नाव? नाव घातल्याशिवाय लिहू कसं?"

मागे मुख्याध्यापकांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांना बाईची पाठ तेवढी दिसत होती. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं, नावच घ्यायचंय ना? मग उखाण्यात घे की! आम्ही ऐकतो सगळ्या." दोघी-तिघी हसल्या. बाईने वळून पाहिले. तिच्या कपाळावर कुंकू नव्हते. हसणे थांबले. मुख्याध्यापकांच्या पत्नी हातातल्या पुस्तकाची पाने चाळू लागल्या.

नाव दुकानदारांनी सांगितले. बापाच्या नावासकट, आडनावासकट, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे. कादंबरी निघाल्यापासून ते नाव त्या कादंबरीशी जोडून कोणी चारचौघांत उच्चारले नव्हते.

लेखकांनी पेन उचलले, थोडा वेळ विचार केला आणि तीन ओळी लिहिल्या. खाली सही केली, शाई टिपली आणि पुस्तक मिटून तिच्या हातात दिले. काय लिहिले ते टेबलाभोवती कोणी वाचले नाही. बाईने पुस्तक कपाळाला लावले आणि ती गेली. लेखक पुढच्या गृहस्थांना म्हणाले, "अशा वाचकांसाठी लिहायचं असतं."

मी त्या संध्याकाळी बातमी लिहिली. व्यापाऱ्यांचा प्रश्न आणि लेखकांचे उत्तर तिच्यात होते. छापून आली तेव्हा ते दोन्ही नव्हते. 'कार्यक्रमास रसिक मोठ्या संख्येने उपस्थित होते,' हे वाक्य होते. ते मी लिहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमीचे पाकीट कंडक्टरकडे द्यायला मी एस. टी. स्टँडवर गेलो. लेखक त्याच गाडीने जाणार होते. डॉक्टर त्यांना पोहोचवायला आले होते. बाई आणि तिची मुलगी गाडीच्या दाराशी उभ्या होत्या. पुस्तक मुलीच्या हातात होते. त्या वेळी मी ते पाहिले. पहिल्या कोऱ्या पानावर तांडेलाचे पूर्ण नाव होते, त्याआधी 'कै.' होते, आणि पुढे असे :

'यांच्या स्मृतीस. यांच्या पाऊलखुणांवरून चालत माझा तांडेल माझ्यापर्यंत आला.'

मुलगी म्हणाली, "काल तुमी तोंडान बोललाव का खोटा हाय. लिवलाव मातर खरा हाय."

"मुली, तुला ते नीट कळलेलं नाही," लेखक म्हणाले. "हा मान आहे. तुझ्या वडिलांना मी पुस्तकात जागा दिली. लोक मागतात तरी असं मिळत नाही."

"मान नको. तो आमचा बापूस न्हाय म्हनून लिवा."

"असं लिहून देता येत नाही गं. लेखकानं आपल्याच पुस्तकावर असं लिहायचं नसतं. आज तुला दिलं, उद्या आणखी दहा जणं येतील." मग ते डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतंय हो." डॉक्टर हसले. त्यांनी मुलीला सांगितले की साहेबांची गाडी चुकेल.

"मंग कालचा पान फाडा," मुलगी म्हणाली.

"आपली सही आपण फाडायची? ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

 बाईने विचारले, "दादा, तुमी त्याला बघितला होता काय कंदी?"

"कोणाला?"

"पोरीच्या बापसाला."

"नाही," लेखक म्हणाले, आणि गाडीत चढले.

गाडी सुटल्यावर दोघी दुकानात गेल्या. मीही गेलो. मुलीने पुस्तक टेबलावर ठेवले आणि ते परत घ्या म्हणाली. दुकानदारांनी पान वाचले.  मग ते म्हणाले, "सही झालेलं पुस्तक परत घेत नसतात, बाई. त्यात तुमच्या माणसाचं नाव आहे. मी ते विकू कोणाला?" आपण प्रकाशकांना पत्र लिहू, असे त्यांनी सांगितले. पत्र लिहिले की नाही, हे त्यांनी मला सरळ सांगितले नाही. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "एवढा मोठा माणूस पहिल्यांदा माझ्या दुकानात आला. त्याला मी काय लिहू?"

पंचनाम्याची नक्कल माझ्याकडे होती. ती मी बाईच्या दिराला दिली. तो करंजाला गेला, रेवसहून तरीच्या होडीने. मुंबईहून घरी आलेल्या मुलाच्या थोरल्या भावाने नक्कल वाचली. मचवा, लहर, शीड, दोराचे वेढे, सगळे वाचले. दिराने मला सांगितलेले त्यांचे बोलणे असे होते :

"पंचनामा कुनीबी लिवून घेतो. फौजदाराला कोंबडी दिली का झाला. पुस्तक छापलेला हाय. लेखकाच्या हातचा आनलाव काय?"

"न्हाय."

"तो मुरूडला येवून गेला म्हनतान. तुमची बाय त्याच्याकडं गेलती म्हनतान. मंग त्यानं काय लिवून दिला?"

दिराला खोटे सांगणे जमले नाही. त्याने जे लिहिले होते ते सांगितले, पाठ झाल्याप्रमाणे सांगितले. भाऊ म्हणाला, "म्हंजे नाव घालून दिला. मंग आता इचारायचा काय राह्यला?"

सुपारी फुटताना दिलेले लुगडे आणि नारळ करंजाहून परत आले. ते आणून देणारी माणसे ओट्यावर बसली नाहीत, पाणीही प्याली नाहीत. मुलाचे लग्न त्याच वैशाखात करंजातल्याच एका मुलीशी झाले.

राजपुरीत पंचांनी एकदा विषय काढला. मचव्यातून वाचलेल्यांपैकी तिघे तेव्हा हयात होते. तिघांनी पंचांसमोर पुन्हा सांगितले की तांडेल सुकाणूवर होता. पंचांनी मान्य केले. राजपुरीत ते आधीही कोणी अमान्य केले नव्हते. पुढच्या दोन वर्षांत मुलीला दोन स्थळे आली, एक दिघीहून, एक रेवदंड्याहून. दोन्हीकडच्यांनी पुस्तकाचे विचारले. दिघीच्या लोकांनी तर प्रेत स्वतः पाहिले होते. ते म्हणाले, "आमाला म्हायती हाय वो, पन लोक इचारतील तवा आमी काय पुस्तक खोटा म्हनून सांगत फिरायचा?"

बाई मुरूडच्या बाजारात मासे विकत राहिली. डॉक्टरांच्या आणि मुख्याध्यापकांच्या घरी ती पूर्वीप्रमाणेच मासे घालत होती. वकिलांकडे जाणे तिने बंद केले. वकील मला म्हणाले, "मी काय केलं? मी तर नुसती चेष्टा केली होती."

१९६३ साली कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली. तिला लेखकांनी नवी प्रस्तावना जोडली. त्यात मुरूडच्या कार्यक्रमाचा एक परिच्छेद आहे. आपल्यावर काहींनी अतिशयोक्तीचा आरोप केला, परंतु किनाऱ्यावरच्या मुरूड या लहानशा गावातल्या पुस्तकांच्या दुकानात प्रत्यक्ष त्या तांडेलाची निरक्षर पत्नी पुस्तक विकत घेऊन सहीसाठी रांगेत उभी राहिली आणि तिने ते कपाळाला लावले, कलाकृतीच्या सत्याला याहून मोठी पावती कोणती, असे त्यांनी लिहिले. बाईने काय मागितले होते याचा उल्लेख नाही. तांडेलाचे खरे नाव दिलेले नाही. गावाचे नाव दिले आहे.

ती आवृत्ती मुरूडच्या दुकानात विक्रीला आली. दुकानदारांनी ती पुढच्या काचेत लावली, कारण प्रस्तावनेत त्यांच्या दुकानाचा उल्लेख होता. सुपारीच्या व्यापाऱ्यांनी ती तिथे उभ्यानेच वाचली आणि परत जागेवर ठेवली. ते म्हणाले, "मास्तर, काच पुसा जरा. आतलं लई घाण दिसतंय." त्यानंतर ते पुस्तके अलिबागहून मागवू लागले.

मी प्रकाशकांना पत्र लिहिले आणि सोबत पंचनाम्याची आणखी एक नक्कल काढून जोडली. उत्तरादाखल एक कार्ड आले. आपले पत्र लेखकांकडे पाठवले आहे, असे त्यावर होते. लेखकांकडून उत्तर आले नाही. तिसरी आवृत्ती १९६६ साली निघाली. प्रस्तावनेतला तो परिच्छेद तिच्यात जसाच्या तसा आहे.

बाईच्या दिराची आणि माझी शेवटची भेट १९६९ साली आगरदांड्याच्या धक्क्यावर झाली. त्याने सांगितले की भावजयीला आता टोपली उचलवत नाही, म्हणून मुरूडचा बाजार मुलगीच करते. मुलीचे लग्न झालेले नव्हते.